येतो, बाई

“टेकूची बायको बोलत नाही वो, नुसती आयकते. अशी बाई घरात ठेवाची म्हनजे आपल्याच तोंडावर पहारा बसवाचा.”

सुलोचनाबाई हे आपल्या जावेला, गोदावरीबाईंना सांगत होत्या. सुनेच्या कानी पडावं म्हणून नव्हे. त्या दिवशी त्या जावेकडे पापड लाटायला गेल्या होत्या आणि तिकडच्या बोलायच्या डब्ब्याचं बटण चालूच राहिलं होतं. माघात लग्न होऊन आलेली वच्छला इकडे घरी डब्ब्यापाशी बसून होती. तिनं सगळं ऐकलं, मग बटण हळूच खाली केलं. पहाऱ्यावर बसवलं कोणी, तर यांच्याच मुलानं. पण हे सांगायचं कोणाला?

वच्छलाचा नवरा टेकचंद रेडिओ दुरुस्त करायचा. गावात टेलिफोन एकच, तोही पोस्टात. मग यानं जवाहरनगरकडच्या एका कबाड्याकडून जुने स्पीकर आणले, डब्ब्यांत बसवून ट्रॅक्टरची बॅटरी लावली, बांबूंवरून तार ओढली आणि तीन घरं जोडली. एक आपलं. एक मधल्या आळीतलं गोदावरीकाकीचं. आणि एक पार तलावाच्या पाळीवरचं, शकुबाईचं, जी सुलोचनाबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. एकीनं बोललेलं तिन्ही घरांत ऐकू यायचं. टेकचंद दुकानात गेला की डब्बा वच्छलाच्या हाती. लाकडी पाटीवर दोन बटणं, दोन बारीक दिवे. ज्या घरून आवाज येई, त्या घराचा दिवा लागे.

कायदे तिचेच. आधी नाव सांगायचं, एका वेळी एकीनं बोलायचं, शिवी दिली की बटण बंद. पहिल्याच दुपारी हे तिन्ही कायदे सासूबाईंनी मोडले. पण त्या याच घरातल्या, त्यांना बटण नव्हतं.

उठताना मात्र सगळ्या रीत पाळायच्या. “येतो, बाई,” म्हणायच्या. जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते तिरडीवरच्याचं काम. वच्छला म्हणायची, “या,” आणि बटण बंद करायची. दिवसभरात तिचा आवाज लोकांच्या कानी पडे तो एवढाच.

चैत्रातली दुपार होती. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड उग्र वास घरभर. सासूबाई आत लवंडल्या होत्या. गोदावरीकाकी “येतो” म्हणून गेल्या, शकुबाई गेली, दोन्ही दिवे विझले. वच्छला बॅटरीची तार काढणार, तेवढ्यात डब्ब्यात घागर बुडताना होतो तसा आवाज झाला. बुड… बुड… मग एक बारीक बाईचा आवाज आला.

“येतो, बाई.”

हात बटणाकडे गेला आणि थबकला. कुठलं बटण? दिवा तर एकही लागला नव्हता. पण तोंडाला सवय झालेली. ते बोलून गेलं होतं.

“या.”

दुसऱ्या दिवशी शकुबाईचा दिवा लागला. शकुबाई तर त्या वेळी सुलोचनाबाईंच्या शेजारीच सुपारी कातरत बसली होती, आणि तिच्या घराला कुलूप होतं. डब्ब्यातून शांतपणे आवाज आला, “गोदावरी, मरत्या सासूनं पानी मांगतलं, तवा लोटा पालथा कोनं घातला?”

तिकडून गोदावरीकाकी किंचाळल्याच. “कोन हाये? कोन बोलून राहिली?”

वच्छलानं शकुबाईचं बटण बंद केलं. दिवा जळतच राहिला.

“आनखी सांगू काय?” आवाज म्हणाला, आणि खुदकन हसला.

दोन दिवसांनी दिवा लागला तो गोदावरीकाकींचा, काकी इकडे ओसरीवर बसल्या असताना. शकुबाई नेमकी त्या वेळी आपल्या घरी, डब्ब्यापाशी होती. “शकू, बहिनीच्या मयतीत तिच्या कानातल्या बाल्या कोनं उतरवल्या? कान फाटला ना वो तिचा…”

डब्ब्यातून अडकित्ता आपटल्याचा आवाज आला. मग शकुबाई रडत शिव्या द्यायला लागली. त्या दिवशी कायद्याची आठवण कोणाला झाली नाही.

पाळीवरून मधल्या आळीत. वच्छलाच्या मनात हिशेब आपोआप झाला. मधल्या आळीच्या पुढं घर उरलं होतं एकच, आणि त्याला दिवाही नव्हता, बटणही नव्हतं.

पण बाकीच्यांचा हिशेब वेगळा होता. डब्बा कोणाच्या हाती? वच्छलाच्या. ऐकत कोण बसते? वच्छला. आणि आवाज? बारीक, दबका. वच्छलाचा खरा आवाज कोणाला नीट माहीतच नव्हता. ‘या’ एवढ्याच शब्दानं आवाज ओळखायचा, तर तो हाच.

टेकचंदनं तारा तपासल्या, जोड नव्यानं केले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “तूच बोलली असशीन तर सांगून दे. मी आईले समजावतो.”

“मी नाही बोललो,” ती म्हणाली.

“मंग कोन?”

ती पुन्हा गप्प झाली. गप्प राहणं हाच तिचा गुन्हा होता, आणि तो तिनं पुन्हा केला.

तिला कारध्याला, बापाकडे पोचवायचं ठरलं. तिच्या पाठच्या दोन बहिणी बिनलग्नाच्या. थोरली तीन महिन्यांत परत आली म्हटल्यावर त्यांच्या दारात पाहुणा कशाला येईल? रात्री तिनं ट्रंक भरली नाही. सकाळीही भरली नाही.

दुपारी गोदावरीकाकी आणि शकुबाई दोघी आल्या. हिनं आमच्यासमोर कबूल करावं, मग जावं, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी डब्बा उचलून ओसरीवर आणला. बॅटरी सोडवून अंगणात उन्हात ठेवली. विळ्यानं तार कापली, एकदा नाही, तुकडे तुकडे केले.

“बोल आता,” त्या म्हणाल्या. “काहून गप झाली? बोलव ना तुह्या डब्ब्याले!”

“आत्याबाई, मी…”

“आमच्या घरात घुसून आमचे मुडदे उकरून राहिली! कोनं शिकवलं तुले हे?”

“लाज नाही वो,” शकुबाई म्हणाली. “पाय कशी, मान खाली घालून उभी हाये देवीसारखी.”

वच्छलाला तेव्हा वास आला. मोहाचा नव्हे. भिजून कुजलेल्या धानाच्या तणसीचा, पावसाळा उलटून गेल्यावर तलावाच्या काठाला येतो तसा. चैत्राच्या कडक उन्हात. तिनं वर बघितलं. गोदावरीकाकींनीही नाकाला पदर लावला होता.

बुड… बुड…

तुटक्या तारेचा डब्बा ओसरीवर पडला होता. त्यातून आवाज आला, अगदी अदबीनं.

“येतो, बाई.”

सासूबाईंनी झडप घातली ती डब्ब्यावर नव्हे, सुनेवर. आपला पंजा त्यांनी तिच्या तोंडावर दाबून धरला. “नको,” त्या कुजबुजल्या. “नको म्हनू. ‘या’ म्हनलं का ती आत येते. पोरी, तुह्या पाया पडतो… नको म्हनू.”

वच्छला हललीही नाही. हळदीचा, घामाचा वास येणारा तो तळहात तिच्या ओठांवर घट्ट बसलेला. चौघी उभ्या. 

आणि आत, स्वयंपाकघरातून, वच्छलाच्या आवाजात कोणी म्हणालं,

“या.”

तोंडावरचा हात गार पडत गेला. आत पाट मांडल्याचा आवाज झाला. पितळी गुंडातून लोट्यात पाणी ओतल्याचा. मग तोच आवाज, मोकळा, हसरा, “बसा ना वो. लय दुरून आल्या. आत्याबाई बाहेरच हायेत, बोलावतो.”

शकुबाई मागच्या मागे दाराबाहेर गेली. गोदावरीकाकी तिच्या मागे, चपला विसरून. सासूबाईंनी हात खाली घेतला आणि सुनेचा पदर धरला, लेकरानं धरावा तसा.

“मले एकटीले सोडून नको जाऊ,” त्या म्हणाल्या. “कोनी तुले काही म्हननार नाही. तूच घरची मालकीन… बोल ना वो काही…”

वच्छलानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ट्रंक आतच होती. तिनं तिकडे बघितलंही नाही. अंगण ओलांडून ती फाटकाशी गेली. आत चुलीवर काहीतरी चरचरलं, आणि तिचाच आवाज गुणगुणायला लागला.

आजवर या घरात कोणी ऐकलं नसेल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, “मी येतो म्हनत नाही, आत्याबाई. जातो.”