रसवंतीसमोरचे दोन ठिपके

सोनवडीत माणसं एकमेकांना धडकायची बंद झाली, त्याला आता एक पिढी उलटली होती. भर बाजारात डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि कानात गाणी लावून चाललेला पोरगा समोरासमोर येत आणि काही न ठरवता एकमेकांना वळसा घालून निघून जात. कोपर लागणं नाही, "डोळे फुटले का रे?" नाही. भांडणाची मजाच गेली म्हणा ना!

ही सगळी वाटरेघेची किमया. पूर्वी कचेऱ्यांमध्ये स्लाइड दाखवायचे, तेव्हा त्यातल्या चित्राला वाट आखून द्यायची सोय असे. चेंडू निवडायचा, बोटानं रेघ ओढायची, बटण दाबलं की चेंडू त्या रेघेवरून घरंगळत जाई. डॉ. कौस्तुभ मुळीक यांनी हेच खऱ्या वस्तूंना लागू केलं. रस्त्याखाली तारांचं जाळं, आणि चपलांच्या तळात, गाड्यांच्या चाकांत लोखंडाचे बारीक कण. पडद्यावर रेघ आखली की जाळ्यातला प्रवाह त्या कणांना हलकेच ओढतो. इतका हलका, की पाऊल बोटभर सरकलं तरी ते आपणच सरकवलं असं वाटावं. कुठे जायचं ते माणसानं ठरवायचं, कसं जायचं ते रेघ बघून घेई.

या रेघांची देखरेख जिथे चाले त्या मार्गघराची प्रमुख होती ओवी साखळकर. बाई कामाला चोख, तोंडानं फटकळ आणि घरी सुखी. घोर एकच, मुलाच्या लग्नाचा.

"आखलेलं स्थळ मला नको," निषाद म्हणायचा. "या गावात पाऊलसुद्धा आखून मिळतं. निदान बायको तरी आपणहून भेटू दे!"

"अरे, पण भेटणार कशी? कुणी कुणाला धडकायला तर हवं!"

तिचं स्वतःचं तसंच जमलं होतं. वाटरेघा गावभर सुरू व्हायच्या आधी, रसवंतीसमोर ती एका उंच मुलावर आदळली आणि त्याच्या हातातला उसाचा रस त्याच्याच शर्टावर सांडला. ओवी ओढणीनं पुसत बसली, आणि गप्पा रसवंती बंद होईपर्यंत संपल्या नाहीत. तो मुलगा म्हणजे विराज, तिचा नवरा. ही गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि ओवी प्रत्येक वेळी नव्यानं लाजायची.

शेवटी तिनं नोकरी पणाला लावली. ऋजुता घोरपडे, गुरांची डॉक्टर, ओवीला फार आवडायची. रोज दुपारी ती डेअरीतून लस्सीचा ग्लास घेऊन बाहेर पडे. ओवीनं तिची रेघ आणि निषादची रेघ एकमेकींवर नेली. रेघेच्या टोकाशी वेग हळू करायचा असतो, नाहीतर हिसका बसतो. तिथे तिनं तो मुद्दाम हळू केला नाही.

संध्याकाळी निषाद घरी आला तो शर्टावर लस्सी आणि चेहऱ्यावर दिवाळी घेऊन. "आई, तुझी यंत्रणा चुकली गं, आणि मला ती भेटली! कुणीच आखलेलं नव्हतं!"

"अगं बाई!" एवढंच म्हणून ओवी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

पत्रिका छापून आल्या तशी मात्र मनाला टोचणी लागली. डॉ. मुळीकांना आमंत्रण द्यायला गेली तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. "डॉक्टर, सांगू का त्याला? त्याला वाटतंय, आयुष्यात हीच एक गोष्ट त्याची स्वतःची आहे."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी जरा विचार केला आणि पडद्यावर एक जुनी स्लाइड लावली. एक रस्ता, कोपऱ्यात रसवंती. तांबडा ठिपका एकीकडून निघाला, हिरवा दुसरीकडून. दोघे वळत वळत आले आणि रसवंतीसमोर एकमेकांवर आदळले.

"धडक टाळता येते तशी घडवताही येते, हे नगरपालिकेला दाखवायचं होतं."

"हा तांबडा ठिपका कोण?"

"त्या वर्षी कॉलेजात फुकट सँडल वाटले होते, आठवतं?"

ओवीला आठवलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, संसार आहे माझा तो! खेळ वाटला काय तुम्हाला?"

"संसार तुझाच आहे, ओवी. माझी रेघ धडकेपाशी संपत होती. तेव्हा मी कितीतरी जोड्या धडकवल्या. सगळे सॉरी म्हणून चालते झाले. तू थांबलीस, कारण रस सांडला होता आणि तुला तो पुसावासा वाटला. ते मी आखलं नव्हतं. यंत्रणेनं फक्त टिपून ठेवलं, सांडलं की माणसं थांबतात म्हणून."

ओवीनं ती स्लाइड पुन्हा एकदा लावून पाहिली. मग तिला हसू आलं. थांबलो तर आपणच ना! निषादला काही सांगायचं नाही, असं ठरवून ती हलक्या मनानं घरी गेली.

लग्न झोकात झालं. हॉलमध्ये वाढपाच्या गाड्या आपापल्या रेघेवरून फिरत होत्या. त्या रेघा ओवीनं स्वतः बसून आखल्या होत्या, म्हणजे चूक व्हायला नको. विराजनं रसवंतीची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि शेवटी नेहमीसारखं "काय योगायोग!" म्हणाला. ओवी अगदी मनापासून लाजली. निषाद ऋजुताचा हात धरून सगळ्यांना सांगत होता, "या गावात न आखलेली एकच गोष्ट आहे, आमची भेट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओवीनं सगळ्यांत जोरात.

तेवढ्यात मठ्ठ्याची गाडी वळणावर थांबायची ती थांबली नाही. ऋजुताच्या मामेबहिणीला तिचा हलकासा धक्का लागला आणि मठ्ठा साडीवर सांडला. शेजारून चाललेल्या एका तरुणानं चटकन रुमाल काढला. दोघं हसली. तो तिथेच थांबला.

"अय्या, काय योगायोग!" कुणीतरी म्हणालं.

ओवीनं त्या वळणावर अशी रेघ आखलीच नव्हती. तिनं डॉक्टरांकडे रोखून पाहिलं.

डॉक्टरांचा जिलेबीचा हात तोंडापाशीच थांबला होता. "माझ्याकडे काय बघतेस?" ते हळूच म्हणाले. "मी केव्हाच रिटायर झालो."