जुनी किल्ली हातात आल्याशिवाय

घर भाड्याने द्यायला निघाला आहेस, तर बस जरा. दिवा राहू दे लागलेला. माझ्या आत्याचा एक नियम ऐकून ठेव: जुनी किल्ली हातात आल्याशिवाय नवी कोणाला देऊ नकोस. आत्याचा उभा जन्म भाडेकरू सांभाळण्यात गेला. ती म्हणायची, "सामान गेलं म्हणजे माणूस गेलं असं नसतं गं. किल्ली परत आली की गेलं."

मी अतिशहाणी. मी सरळ कुलूपच बदललं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं एक सिस्टर राहायची. इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात कायमची रात्रपाळी. पहाटे घरी यायची, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून किल्लीसुद्धा हळू फिरवायची. एकदा कामावरच कोसळली आणि तिथेच गेली. मागे कोणी नव्हतं. किल्ली तिच्या पिशवीत राहिली, आणि पिशवी कुठे गेली कोण जाणे.

त्यानंतरचे दोन्ही भाडेकरू टिकले नाहीत. "पहाटे कोणीतरी दाराशी येतं," एवढंच म्हणायचे. मला वाटलं, जायचंच होतं, निमित्त हवं होतं.

मग एक जोडपं आलं. बाळ वेळेआधी जन्मलेलं, एवढंसं, रात्रभर रडणारं. त्या रडण्यापायी त्यांना कोणी घर देत नव्हतं. बाळाची आई म्हणाली, "ताई, आता तुम्हीही नाही म्हणालात तर आम्ही जायचं कुठे?"

उद्या सांगते म्हणाले आणि चटई घेऊन मीच तिथे झोपायला गेले. तान्ह्या जिवाला ठेवण्याआधी घर आपण बघावं.

रिकाम्या घराला आवाज फार. नळ टपकत होता, ताज्या रंगाचा वास डोक्यात चढत होता. कधीतरी डोळा लागला.

फटफटायच्या सुमारास जाग आली ती वासाने. रंगाचा नव्हता तो. स्पिरिटचा होता, इंजेक्शनआधी दंडाला लावतात ना, त्याचा. मग जिन्यात रबरी चपला वाजल्या, सावकाश, दमलेल्या. दाराशी थांबल्या. कुलपात किल्ली शिरली... अडली. निघाली. पुन्हा शिरली. जोर नाही, धक्का नाही.

मी चटईवर उठून बसले. पण खरं सांगू, भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं. रात्रभर उभं राहून आलेली बाई, आणि तिला तिचंच दार उघडेना.

"सिस्टर..." मी दाराजवळ जाऊन म्हणाले. "कुलूप बदललंय हो."

किल्लीची खुडबूड थांबली.

"इथे आता... एक बाळ येणार आहे. फार अशक्त आहे. त्याला त्रास नका देऊ..."

मग दाराखालच्या फटीतून काहीतरी सरकत आत आलं. जुनी किल्ली. तिच्या डोक्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, जखमेवर लावतात तसली.

आत्याच्या नियमाने व्यवहार तिथेच मिटला होता. पण पावलं काही जिना उतरेनात. मला काय वाटलं कोण जाणे, मी जुडग्यातली एक नवी किल्ली काढली आणि त्याच फटीतून बाहेर सरकवली.

दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. किल्लीही नव्हती.

जोडपं राहायला आलं. तक्रार एकही नाही. एकदा बाळाची आई हसत म्हणाली, "ताई, आमचं पिल्लू पहाटे अगदी गाढ झोपतं. उठून बघावं तर कपड्यात घट्ट गुंडाळलेलं असतं, इस्पितळात गुंडाळतात तसं. मला वाटायचं, हे करतात. यांना वाटायचं, मी करते."

पोर बाळसं धरत होतं, मला तेवढं पुरे होतं.

पुढे त्यांना मोठं घर मिळालं. निघताना बाळ स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आलं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किल्ल्या त्यांनी नीट परत केल्या. दिल्या होत्या दोन, आल्या तीन. तिसरी मी फटीतून सरकवलेली, आता तिलाही पांढरी चिकटपट्टी होती.

म्हणजे सिस्टरनेही घर सोडलं, असं म्हणून मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईचा फोन आला. "ताई... नव्या घरी आज पहाटे कोणीतरी हळूच किल्ली लावत होतं."

"लागली?" मी विचारलं.

ती दबक्या आवाजात म्हणाली, "पहिल्याच झटक्यात, ताई."