तिसरा हात

पार्सल फोडलेलं होतं आणि फोडणारा ते हातात घेऊन दारात उभा होता. चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

"बी-चोवीस, शिवदर्शन सोसायटी?"

"हो," हर्षदा म्हणाली.

"मी पण बी-चोवीस. पण शिवदर्शन दोन."

सुरतेच्या गोडादऱ्यात एका नावाच्या दोन-दोन, तीन-तीन सोसायट्या आहेत. बिल्डरांना सिमेंट कधी कमी पडलं नाही, नावं पडली.

खोक्यात पांढरा प्लास्टिकचा चिमटा होता, त्यावर बारीक आकडे. तो माणूस म्हणाला, "मला वाटलं आईने नवी सांडशी मागवली. चहाचं पातेलं उचलायला गेलो तर वाकली. मग कागद वाचला. अंगावरची चरबी मोजायचं यंत्र आहे. मग... पोटाला लावून पाहिलं. चांगलं चालतं."

"तुमच्या पोटाला लावलं?"

"पुसलंय."

हर्षदाला दार लावून घ्यायचं होतं, पण हसू आलं आणि हसताना दार लावता येत नाही. तेवढ्यात मागून आई आली. उषाबाईंना माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नसे, तालुक्यावरून येत असे.

"पारोळाना ना तू? सखारामभाऊना कुंदन?"

"हो काकू."

"मंग दारमा काय उभा? बस, चहा ले."

असा कुंदन घरात आला. चिमटा कशासाठी मागवला हे त्याने विचारलं नाही, पण उषाबाईंनी सांगितलं. न विचारलेलं सांगायची त्यांना सवय होती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी धुळ्याच्या स्थळाने पोहे दोनदा मागून घेतले आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला, मुलगी चांगली आहे, अंगाने जरा भरलेली वाटते. हर्षदाने तेव्हा निरोप ऐकून घेतला. मात्र त्या दिवसापासून घरात पोहे झाले नाहीत. आता नाशिकच्या सुवर्णामावशीने पुण्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा कॉम्प्युटरवाला, व्यायामवाला. त्याच्या बायोडेटात रास होती, रक्तगट होता आणि अपेक्षांमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: मुलीचं बॉडी फॅट पंचवीस टक्क्यांच्या आत. त्याचं स्वतःचं किती, ते लिहिलं नव्हतं. मुलाकडून आकडे मागवायची पद्धत आपल्यात अजून पडलेली नाही. चिमटा कुठून घ्यायचा, तेही त्यानेच कळवलं होतं. आकडा बसला तर संक्रांतीनंतर बघायला येणार होते.

दुसरी कोणी असती तर चिडली असती. हर्षदा चिडली, पण हट्टालाही पेटली. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ती जीएसटीची बिलं बघत असे. आकडा जुळेपर्यंत तिला जेवण जात नसे. इथे तर जेवण न जाणं हाच उपाय होता.

मोजायच्या जागा तीन होत्या. कंबर, मांडी आणि उजव्या दंडाची मागची बाजू. डाव्या हाताच्या चिमटीत कातडी उचलायची, उजव्या हाताने यंत्र लावायचं. कंबर आणि मांडी तिने खोलीचं दार लावून उरकली. दंडापाशी गाडी अडली. उजवा हात सैल सोडायचा, डाव्याने चिमूट धरायची, मग यंत्र कोण धरणार? आरशासमोर तिने हरतऱ्हेचे प्रयत्न केले. शेवटी लक्षात आलं की याला तिसरा हात लागतो. माणसाला कोणीतरी आहे, असं कंपनीने गृहीतच धरलं होतं.

आईने चिमूट उत्तम धरली. पाढे चुकले की ती लहानपणी याच जागी चिमटा काढायची, त्यामुळे सराव होता. पण आकडे बारीक आणि यंत्र काढून हर्षदाला दाखवेपर्यंत आईच्या बोटाने काटा सरकलेला असे. चष्मा आणायला गेली की चिमूट सुटे आणि चिमूट धरली की चष्मा सापडत नसे.

रविवारी कुंदन सोसायटीच्या गेटवरून दूध घेऊन चालला होता. उषाबाईंनी ओट्यावरून हाक मारली.

"ए भो. तुले आकडा दिखस ना?"

आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी शिवदर्शनच्या ओट्यावर असं दृश्य दिसू लागलं, ज्याचं चित्र कंपनीच्या कागदावर नव्हतं. हर्षदा भिंतीकडे तोंड करून उभी. उषाबाई चिमूट धरून. कुंदन यंत्र धरून, एक हात अंतर राखून, मान पुढे काढून. त्याचं बोटसुद्धा तिला लागत नसे. लागायचं ते थंड प्लास्टिक. वडील, लोटूभाऊ, बमरोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करून आत घोरत असत.

यंत्रावर एक छोटी सरकपट्टी होती. दाब पुरा झाला की ती टक करून जिथल्या तिथे थांबे, पोरांच्या खेळात स्टॅच्यू म्हटल्यासारखी. चिमटा काढला तरी हलत नसे. कुंदन आकडा वाचायचा आणि पट्टी अंगठ्याने मागे शून्यावर सरकवून ठेवायचा. एखाद्याने चप्पल नीट लावून ठेवावी, तशी.

"सव्वीस मिलिमीटर," पहिल्या रविवारी तो म्हणाला.

तिने बेरीज केली, तक्ता पाहिला. एकोणतीस टक्के.

"पंचवीस म्हणा की," ती भिंतीला म्हणाली. "एका मिलिमीटरने काय होतं?"

"काट्यावर आहे ते सांगतो."

"मार्केटमध्ये पण असंच करता?"

"मार्केटमध्ये मी बोलतच नाही. फोटो काढतो."

रिंग रोडवरच्या एका साडीवाल्याकडे कुंदन डमीला साड्या नेसवून फोटो काढत असे. ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव जात.

"म्हणजे दिवसभर बारीक बायांमध्ये असता."

"प्लास्टिकच्या आहेत. टक्का शून्य." त्याने पट्टी मागे सरकवली. "आणि एक सांगू? त्या डमीलासुद्धा साडी नीट बसत नाही. मागून कपड्यांचे चिमटे लावतो, ओळीने. पुढून जी बारीक दिसते ना... तिला कधी मागून बघू नये."

हर्षदा भिंतीकडे बघून हसली. भिंतीला बरं वाटलं असावं.

दिवाळी गेली. थंडी पडली, म्हणजे सुरतेत जेवढी पडते तेवढी. हर्षदा भात सोडून बसली. संध्याकाळी मिलमधून आली की लिंबायतच्या पुलापर्यंत तरातरा चालत जायची आणि परत यायची. वाटेत पोंकाच्या, म्हणजे आपल्या हुरड्याच्या, गाड्या लागत. कोवळ्या ज्वारीचा वास, वर लिंबाची शेव. ती नाक दाबून पुढे जाई. उषाबाई वरण-बट्टी करत आणि तुपाची वाटी मुद्दाम तिच्यासमोर ठेवत. आकडा उतरत होता. चोवीस, तेवीस, बावीस.

आणि आकडा उतरू लागला तशी तिला चैन पडेना.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण शनिवार आला की ती बिलात दोनदा तीच रक्कम लिहायची. रविवारी पहाटेच उठून ओटा धुवायची, मग सुकला नाही म्हणून पुसायची. सलवारची नाडी एक गाठ आत आली होती. आरशात मान वळवून ती दंड बघायची आणि मनात म्हणायची, उतर रे बाबा. लगेच दुसरं मन म्हणायचं, इतकी काय घाई आहे. उतरला की मोजायचं काय?

एका रविवारी कुंदनने पुडीत पोंक आणला.

"तुम्ही माझे वैरी आहात का?"

"काकूंसाठी आणलाय," तो म्हणाला. मग यंत्राचा कागद उलगडून वाचत बसला. "यात एक महत्त्वाचं लिहिलंय. दर वेळी मोजणारा माणूस एकच असावा. हात बदलला की आकडा बदलतो."

"मग?"

"मग काही नाही. पुण्याला... तिकडे कोण मोजणार, ते बघून ठेवा."

तिने पुडीतला मूठभर पोंक उचलून तोंडात टाकला. उषाबाई बघत होत्या, बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे नोंद घेण्यासारखं होतं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार उजाडला. गल्लीत पोरं मांजा घोटत होती, गच्च्यांवर आतापासूनच स्पीकर लागले होते. सुवर्णामावशीचा आदल्या दिवशीच निरोप आला होता: उद्या आकडा कळव, मुलाकडचे तिकीट काढायचे थांबलेत.

हर्षदाने कंबर आणि मांडी सकाळीच मोजून ठेवली होती. ओट्यावर ती एका जागी उभी राहीना. गेटपर्यंत गेली, परत आली, बांगडी फिरवत राहिली.

"आज किती यायला पाहिजे?" कुंदनने विचारलं. त्याच्या तर्जनीला पट्टी होती, मांजाने कापलं होतं.

"एकोणीस. किंवा कमी. मग पंचविसाच्या आत."

"बरं."

ती भिंतीकडे वळली. आईने चिमूट धरली. थंड प्लास्टिक लागलं. टक झालं. मग यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ दंडाला लागून राहिलं.

"बावीस," कुंदन म्हणाला.

"मागच्या रविवारी वीस होते."

"आज बावीस."

त्याने यंत्र ओट्यावर ठेवलं आणि पलीकडे तोंड करून चपला शोधू लागला. चपला समोरच होत्या. उषाबाई चहा टाकायला आत गेल्या. हर्षदा हिशेब करू लागली. भात सोडला, पूल पालथा घातला, त्याचं फळ दोन मिलिमीटर जास्त. आता पुणेकरही धुळेकरांसारखा निरोप पाठवणार. फक्त शब्द इंग्रजी असतील.

तिने यंत्र आपटण्यासाठी उचललं. सरकपट्टी शून्यावर नव्हती. आज ती मागे सरकवायचं तो विसरला होता. पट्टी अठरावर उभी होती, हूं की चूं न करता.

दर रविवारी एक मिलिमीटर माफ न करणारा माणूस. काट्यावर आहे ते सांगणारा.

हर्षदाच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. थंडी नव्हती, सुरतेत तेवढी पडत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सुवर्णामावशी.

"काय गं, किती आला?"

"अठरा आला, मावशी," हर्षदा कुंदनच्या पाठीकडे बघत, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली. "म्हणजे टक्का चोवीस."

कुंदन एक चप्पल घालून तसाच थांबला.

"अगं मग जिंकलीस की. थांब, मी लगेच कळवते त्यांना."

"कळव. आकडा कळव. आणि मुलीने नाही सांगितलंय, तेही कळव."

मावशी ओरडली, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मग एवढे दिवस उपाशी कशाला मेलीस?"

"नाही म्हणायला पण टक्का लागतो, मावशी. नसता तर त्यांनीच नाही म्हटलं असतं. एकदा ऐकून झालंय माझं."

तिने फोन ठेवला. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, पतंग कापला गेला असावा. कुंदन अजून एका चपलेवर होता.

"तुम्ही बावीस म्हणालात."

"चुकलं."

"कोणाचं? काट्यावर आहे ते सांगणाऱ्याचं?"

"एवढा एकच..." त्याने दुसरी चप्पल घालायच्या ऐवजी पहिली काढली. "एवढा एकच चुकवला. तुम्ही नापास व्हावं म्हणून नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून. पण ते वाईटच केलं. भूक मारून तुम्ही उतरवलेले मिलिमीटर माझ्या बापाचे नाहीत."

"नाहीत," ती म्हणाली. "आणि पट्टी मागे केली असती तर मला कळलंही नसतं. आयुष्यभर."

"हो."

"मुद्दाम ठेवलीत?"

त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "माहीत नाही. अंगठा गेलाच नाही तिकडे."

या उत्तरावर रागवावं की काय करावं, हे तिला ठरवता येईना. ती पुन्हा गेटपर्यंत गेली आणि परत आली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात सैल सोडला.

"कागदात काय लिहिलंय, मोजणारा माणूस एकच असावा ना?"

"हो... दर वेळी."

"मग मोज. नीट. खरं सांग."

तू कधी सुटला तोंडातून, तिलाही कळलं नाही. त्याला कळलं.

"काकू," त्याने आत हाक मारली, आवाज जरा चिरकलाच. "चिमूट धरायला येता का?"

"आते तूच धर रे भो," उषाबाई आतून म्हणाल्या. "मनी बट्टी करपी ऱ्हायनी."

घरात त्या दिवशी खिचडी होती.

मग पहिल्यांदा दंडाला प्लास्टिकच्या आधी बोटं लागली. एक पट्टीचं, खरखरीत, आणि एक नुसतं, गार. इतकी हलकी चिमूट की धरली आहे का नुसती टेकवली आहे, ते समजेना.

"असं धरलंस तर शून्य येईल."

"दुखेल."

"डमी नाहीये मी."

त्याने जरा घट्ट धरलं. यंत्र लावलं. टक झालं नाही. ती वाट बघत राहिली, भिंतीवरच्या चुन्याचा एक पोपडा बघत.

"किती?"

"वाचता येत नाहीये."

"आता तुलाही चष्मा लागला?"

"नाही. पट्टी थांबतच नाहीये. हात हलतोय."

"कोणाचा?"

तो पुन्हा काट्याकडे वाकून बघत राहिला, खरंच वाचतोय असा.

"दोघांचा," कुंदन म्हणाला.