पहिल्या रांगेतली जागा

फुएन्सांताला ऑगस्टसाठी एक घर पाहायचं होतं, निमित्त एवढंच. समुद्रापासून दूरच्या अल्बासेतेच्या उन्हाळ्यात पोरांना घरात कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. म्हणून जूनमधल्या एका शुक्रवारी तिने दोन्ही मुलांना गाडीत घातलं आणि काला सेनिसा हे समुद्रकाठचं गाव गाठलं. नवरा खिनेस कामात अडकलेला. निघताना त्याने एकच बजावलं होतं, “टेल्मोवर नजर ठेव.”

टेल्मो पाच वर्षांचा. पाणी दिसलं की त्याच्या पायांना धीर म्हणून राहत नसे. मागच्या वर्षी त्याला तलावातून निळा पडलेला बाहेर काढला होता, तेव्हापासून पाण्याच्या आसपास फुएन्सांताचा डोळा लागत नसे. पण थोरल्या खिमेनाने समुद्र-समुद्र करून डोकं खाल्लं होतं. शिवाय आपल्या भीतीपायी पोरांना समुद्रच दाखवायचा नाही, हे तिचं तिलाही पटेना. टेल्मो इथे सुखरूप राहील असं वाटलं तर ऑगस्टचं पक्कं करायचं, नाहीतर समुद्राचं नावच टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

घर मात्र झकास निघालं. पांढऱ्या भिंती, अंगणात लिंबाचं झाड, दारात उभं राहिलं की समोर निळंशार पाणी. घरमालकीण कासिल्दाबाई शेजारीच राहत, आणि त्यांच्या तोंडाला विश्रांती नव्हती.

“वर वारा येतो आणि खाली मी येते,” त्या म्हणाल्या. “दोन्ही फुकट!”

शनिवारी उजाडता उजाडता फुएन्सांता छत्री घेऊन किनाऱ्यावर धावली. तिथला रिवाजच तसा. पहाटे यायचं, पाण्याजवळच्या पहिल्या रांगेत आपली छत्री रोवायची, मग खुशाल घरी जाऊन न्याहारी करायची. एकदा मांडलेल्या वस्तूला कुणी बोट लावत नाही. ती पोहोचली तेव्हा रांग भरली होती. फक्त मधोमध, अगदी पाण्यासमोर, एक ऐसपैस जागा मोकळी. तिला आपल्या नशिबाचं कौतुक वाटलं आणि तिने छत्री तिथेच रोवली. शेजारी एक टकले गृहस्थ आपली छत्री रोवत होते.

“नवीन आहात?” त्यांनी विचारलं.

“हो. घर बघायला आलोय.”

“बरं,” ते म्हणाले, आणि आपली छत्री उपटून त्यांनी ती आणखी दोन हात पलीकडे रोवली. फुएन्सांताला वाटलं, काय भली माणसं आहेत!

सकाळ मजेत गेली; टेल्मो घरून आणलेल्या आपल्या छोट्या हिरव्या खुर्चीत बसून वाळू उकरत होता. दुपारी मासळीच्या रश्श्यात शिजवलेला भात झाला, वर गारेगार कलिंगड झालं. जेवल्यावर दोन तास पाण्यात उतरायचं नाही, हा त्या देशातल्या आयांचा कायदा. भरल्या पोटी पाण्यात गेलं की माणूस जागच्या जागी गार होतो, असं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. तिने खिडक्यांच्या झडपा ओढल्या, मुलांना निजवलं आणि टेल्मोचं मनगट हातात धरून आडवी झाली. खोलीत लिंबाच्या फुलांचा वास होता. कुठेतरी पंखा घुमत होता. आणि वर्षभर न लागलेला तिचा डोळा नेमका तेव्हा लागला.

जाग आली तेव्हा तिची मूठ रिकामी होती.

दार अर्धं उघडं होतं. ती अनवाणीच पळाली. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, सगळ्या झडपा बंद. भर दुपारचं पांढरं ऊन भिंतींवर असं पडलं होतं की डोळे उघडवेनात. किनाऱ्यावर छत्र्यांची रांग उभी होती आणि एकाही छत्रीखाली कुणी नव्हतं. लाटेचासुद्धा आवाज नव्हता.

मग तिला टेल्मो दिसला. पाण्यापासून हातभर अंतरावर, त्या मोकळ्या जागेत तो मांडी घालून बसला होता. तिची छत्री मात्र तिथे नव्हती. ती मिटून, नाडी बांधून, दुसऱ्या रांगेच्या मागे व्यवस्थित आडवी ठेवलेली होती. तरीही टेल्मोभोवती वाळूवर गोल, गडद सावली पडली होती. त्याचा डावा हात बाजूला थोडा वर उचललेला होता, कुणी मनगट धरून ठेवावं तसा.

“टेल्मो...” तिने कसंबसं म्हटलं.

“अजून वेळ नाही झाली, आई,” तो कंटाळून म्हणाला. “आजी सोडतच नाही.”

ती त्या सावलीत शिरली. पायाखालची वाळू माठासारखी गार होती. बडीशेपेचा आणि जुन्या अत्तराचा वास आला. तिने मुलाला उचलायला हात पुढे केला, तर तिच्याही मनगटावर काहीतरी बसलं... कोरडं, सुरकुतलेलं, पण घट्ट. ती गुडघ्यांवर बसली. किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. मग वर गावात चर्चची घंटा वाजली आणि मनगट मोकळं झालं. सावली उरली नाही. एकदम उन्हाचा चटका बसला, लाटांचा आवाज सुरू झाला.

“आता जाऊ पाण्यात?” टेल्मोने विचारलं.

संध्याकाळी सगळी गल्ली खुर्च्या घेऊन दाराबाहेर वाऱ्याला बसली. फुएन्सांताने कासिल्दाबाईंना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत.

“ती ओब्दुलिया आजीची जागा, पोरी. कुणी सांगितलं नाही तुला? आम्हाला वाटतं, सगळ्यांना ठाऊकच असतं.”

“कोण ही आजी?”

“उभा जन्म तिथे निळ्या छत्रीखाली बसली. दुपारी आमच्या आया घोरायच्या आणि ही एकटी गावच्या पोरांवर पहारा द्यायची. मलासुद्धा तिने असंच धरून बसवलंय! काय शिव्या घातल्या असतील आम्ही तिला. पण तिच्या देखत या पाण्याने एक पोर घेतलं नाही. आणि ती गेल्यावरही नाही... म्हणून तर जागा सोडतो आम्ही.”

फुएन्सांताचा ऊर भरून आला. एवढी माया, परक्याच्या पोरांवर, आणि मेल्यावरसुद्धा! तिने तिथल्या तिथे ऑगस्टचा शब्द देऊन टाकला. त्या रात्री ती पोरांशेजारी गाढ झोपली.

रविवारी निघताना सगळे किनाऱ्यावर निरोप घ्यायला गेले. त्या मोकळ्या जागेत, समुद्राकडे तोंड करून, टेल्मोची छोटी हिरवी खुर्ची मांडलेली होती. पाठीवर तिच्या नवऱ्याच्या, खिनेसच्या गिचमिड अक्षरात नाव होतं: टेल्मो.

“ही इथे कशी आली?” म्हणत तिने हात पुढे केला.

“अंहं,” कासिल्दाबाईंनी तिचा हात धरला. “मांडलेल्या वस्तूला हात नाही लावायचा.”

टेल्मोच विसरला असणार, असं मनाला समजावून ती निघाली. रात्री अल्बासेतेला पोहोचल्यावर तिने गाडीची डिकी उघडली. पिशव्यांखाली हिरवी खुर्ची होती. कोरडी. पाठीवर नाव, तेच अक्षर.

तिने लगेच कासिल्दाबाईंना फोन लावला. “बाई... ती खुर्ची... अजून आहे तिथे?”

“आहे की. दुपारी एवढं वारं सुटलं, चार छत्र्या उडाल्या, पण ती हलली नाही.” कासिल्दाबाईंचा आवाज कौतुकाने ओला झाला होता. “भाग्यवान गं तू! आजीने कधी कुणासाठी जागा धरली नव्हती. सख्ख्या नातवंडांसाठीसुद्धा नाही.”

फोन कधी बंद झाला ते फुएन्सांताला समजलं नाही. मागे टेल्मो झोपेतून उठून घराच्या दारात उभा होता.

“आई, ऑगस्टला अजून किती दिवस आहेत?” त्याने विचारलं.

त्याचा डावा हात बाजूला थोडा वर उचललेला होता.