देवघरातला मोहितो

श्रीनाथने मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. इतकं सरळ काही घडलेलंच नाही.

घडलं ते इतकंच. मार्चच्या दुपारी मी उज्जैनच्या भैरवगढहून ठप्प्याने छापलेली चादर घेऊन निघाले होते. कालभैरवाच्या देवळाजवळ एका मुलाने माझी स्कूटी थांबवली. अनवाणी. हातात रमची अर्धी बाटली.

“फ्रीगंजपर्यंत सोडता का? चपला चोरीला गेल्या.”

“पिऊन आहात?”

“मी नाही, कालभैरव बाबा प्यायले. हा उरलेला प्रसाद. बेंगळुरूला नोकरी लागली, नवस फेडला.” मग हळूच… “पण मी मामाकडे राहतो. तिथे कांदासुद्धा चालत नाही.”

म्हणून बाटली आमच्या देवघरात आली. प्रसाद म्हटल्यावर आईने तिला हळदकुंकू वाहिलं. महिनाभर श्रीनाथ रोज संध्याकाळी प्रसादाला भेटायला यायचा. हात बाटलीला जोडायचा, बघायचा माझ्याकडे. आई म्हणायची, “किती श्रद्धाळू मुलगा!”

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, “प्रसाद संपवायला हवा ना यार… मोहितो करू?”

मी गच्चीवरच्या डब्यातला पुदिना खुडला आणि खलबत्त्यात घातला.

“अगं, हळू! चटणी नाही करायची. नुसता वास सुटू दे.”

साखर, लिंबू, बर्फ, रम, वरून सोडा – सगळं तांब्यात. हिरवा, गार वास पसरला. एकाच पानावर आमची दोघांची बोटं आली आणि तिथेच राहिली…

“भार्गवी, मला एक—”

तेवढ्यात आई आली. “प्रसाद एकट्याने संपवतात का रे?” तिने तांब्यात तुळस टाकली आणि शेजारपाजारच्यांना हाका मारून पळीपळीने तीर्थ वाटलं. सुलूकाकूंनी ओला हात डोक्यावरून फिरवला. “फार जागृत आहे हो!” म्हणत त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

शेवटची पळी श्रीनाथच्या तळहातावर पडली. सगळे पांगले. तो तसाच हात धरून उभा.

“नवस केला तेव्हा तू भेटली नव्हतीस गं. आता… लग्न करशील माझ्याशी?”

“आधी तीर्थ घे. सांडतंय.”

तो प्यायला. मी हो म्हटलं नाही, नुसती होकाराची मान हलवली. सकाळी त्याची गाडी गेली.

दोन उन्हाळे झाले. त्याला रजा मिळत नाही. फोनवर बर्फाचा आवाज ऐकवतो, लबाड. सबब—

प्रति, श्री कालभैरव, उज्जैन. विषय: मंजूर नवस निरस्त करण्याबाबत. महोदय, नवसकर्ता श्रीनाथ याची बेंगळुरूची नोकरी आपल्या स्तरावर तत्काळ रद्द करून त्यास आमच्या गच्चीवर कायमस्वरूपी रुजू करण्यात यावे, ही नम्र विनंती.