बाबांचं फोल्डर

तो शेवटचा साधा रविवार होता. तेव्हा मात्र नुसताच रविवार वाटला. क्षितिजाने दार उघडलं, तर समोर हेल्मेट काखेत धरून एक तरुण उभा.

"पार्सल तिथंच ठेवा," ती म्हणाली.

"पार्सल नाही आणलं... मीच आलोय." तो हसला. "डिलन. शेजारच्या डोंगरीहून. दशरथ अंकलनी बोलावलंय."

"अगं, माझा गुरू आहे तो," बाबा आतून म्हणाले. "चहा टाक."

निवृत्तीनंतर बाबांनी उत्तनच्या बसच्या वेळा दाखवणारी वेबसाइट केली होती. बसस्टॉपवर ओळख झालेला डिलन त्यांना शिकवायचा.

"अंकल, रोजचं काम रोज कमिट करा. नोंद राहते. ऐकतच न्हाय तुम्ही."

"अर्धवट कामाची कसली नोंद? पुरं झालं की करीन."

"घरीपण असेच?" त्याने क्षितिजाला विचारलं.

"घरी जरा जास्तच."

दोघं हसले. नजर मात्र हसू संपल्यावरही क्षणभर तिथंच राहिली...

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. झोपेतच.

डिलन येत राहिला. कधी बोंबील घेऊन, कधी रिकाम्या हाताने. मग बसच्या वेळा बदलल्या आणि बाबांच्या वेबसाइटवर जुन्याच राहिल्या.

"जुनी वेळ बघून टेरेझा आंटी काल बसस्टॉपवर उन्हात ताटकळली," तो म्हणाला. "दुरुस्त करायला हवं गं."

क्षितिजाने लॅपटॉप उघडला. बाबांच्या नव्या, अर्धवट कामाची शेवटची ओळ मध्येच तुटलेली होती. कमिट न केलेली.

"चालू साइटची ब्रँच, म्हणजे लोकांना दिसते ती प्रत, उघडायची तर हे आधी बाजूला काढावं लागेल ना?"

"हो."

"मग नको. याला हात लावायचा नाही."

डिलनने खुर्ची तिच्याशेजारी ओढली.

"नको लावूया. रेपॉझिटरी, म्हणजे सगळ्या नोंदींचं कोठार, एकच, पण तिला दुसरं फोल्डर जोडता येतं. वर्कट्री म्हणतात. चालू साइट तिथं उघडू, तिथंच दुरुस्त करू. अंकलच्या फोल्डरमधलं अक्षरही हलणार नाही."

"खरंच?"

"तूच टाइप कर. माझ्यावर विश्वास नसेल तर..."

"तुझ्या टायपिंगवर नाहीये," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या आवाजात थोडी चेष्टा आली.

नवं फोल्डर तयार झालं. तिने आधी जुनं उघडून पाहिलं. तुटलेली ओळ तशीच होती. मग डिलन वेळा सांगत गेला, ती भरत गेली. शेवटी कमिट तिनेच केलं. खिडकीतून खाडीकडचा खारा वारा येत होता.

डिलनने हेल्मेट उचललं. "झालं. आता यायला काही निमित्त न्हाय राहिलं."

"निमित्त लागतं?"

"उगाच कसं येणार... लोक काय म्हणतील — तू काय म्हणशील —"

तो दारापर्यंत गेला. क्षितिजा उठून उभी राहिली.

"डिलन, बाबांवर माझं किती प्रेम होतं, ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. सांगू कधीतरी, असंच वाटायचं." तीही दारापर्यंत आली. "तू मला आवडतोस. उद्या ये. उगाचच ये."