तिला बुडवू नकोस

हर्मीनिया कातिंदिगने आजवर एक्केचाळीस जोडप्यांची पहिली भेट घडवून आणली होती. कुणाची गच्च भरलेल्या जीपनी-बसमध्ये टक्कर, कुणाची चर्चच्या पायरीवर. एकीच्या अंगावर तर नायकाने अख्खं शहाळं सांडलं होतं. तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र तेहेतीस वर्षांत साधा धक्काही आला नव्हता. ‘रोझाल्वा’ या टोपणनावाने ती खिशात मावतील अशा प्रेमकादंबऱ्या लिहायची, वर्षाला पाच. आणि फावल्या वेळात मारिकिना शहराच्या गल्ल्यांतून हिंडत पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानांत डोकावायची. आपलं पुस्तक किती हातांतून फिरलंय हे बघायची तिला भारी हौस. कुणाला सांगायची नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या फेब्रुवारीत एका दुपारी ती आलिंग पुराच्या दुकानात शिरली. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. व्हिनेगरच्या बाटल्या, खारवलेली अंडी, सुट्या सिगारेटी, आणि वर दोरीला चिमट्यांनी लटकवलेली पुस्तकं. रोझाल्वाच्या नव्या कादंबरीच्या तिथे दोन प्रती होत्या. एक कोरी करकरीत. दुसरी पार खिळखिळी, आतल्या चिठ्ठीवर वाचणाऱ्या बायकांच्या नावांची ही लांबलचक रांग! हर्मीनियाने मोठ्या खुशीत दुसरी प्रत उघडली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

पानापानावर हिरवी शाई. नायक लिओनार्दो खोडून तिथे लिओनोरा. ‘रुबाबदार मिशा’ गायब, त्यांच्या जागी ‘मानेवर आखूड कापलेले केस’. ‘त्याने तिला घोड्यावर उचलून घेतलं’ यावर काट मारून कुणीतरी लिहिलं होतं, ‘तिने तिची पिशवी हातातून घेतली.’

“आलिंग पुरा, ही नासधूस कुणी केली?”

“नासधूस?” आलिंग पुराने चष्म्यावरून पाहिलं. “अगं बाई, तीच चांगली प्रत आहे. पाच जणींनी नंबर लावलाय. कोरी हवी तर ने, तिला कुणी विचारत नाही.”

“पण पुस्तक असं नाहीच आहे मुळी!”

“मग कसं आहे?” मागून कुणीतरी विचारलं.

उलट्या खोक्यावर एक बाई बसली होती. आखूड केस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात काडीला लावलेलं साखरेतलं तळलेलं केळं. ती खात होती आणि अगदी मजेत बघत होती.

“तुम्हाला काय करायचंय? मी लिहिलंय ते!” हर्मीनियाच्या तोंडून निघून गेलं. आठ वर्षं सांभाळलेलं गुपित, असं भर दुकानात!

ती बाई उठली. बोटं शर्टाला पुसली. “रोझाल्वा? तुम्ही?” तिने हर्मीनियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मला वाटायचं, तुम्ही उंच असाल.”

“आणि तुम्ही कोण?”

“सोलेदाद. सगळे चोलेंग म्हणतात. हिची मुलगी. हिरवी शाई माझीच.”

चोलेंग हाँगकाँगला एका घरी कामाला होती. दोन वर्षांचा करार संपला म्हणून तीन आठवड्यांसाठी घरी आलेली, मग पुन्हा दोन वर्षं. तिकडे रविवारी सुट्टी असते तेव्हा गावाकडच्या बायका चौकात पुठ्ठे अंथरून बसत आणि चोलेंग त्यांना मोठ्याने कादंबऱ्या वाचून दाखवी. मिशीवाल्या नायकांचं वाचताना आपली जीभ अडखळते, असं तिचं म्हणणं. म्हणून आदल्या रात्री सगळं दुरुस्त करून ठेवायचं, आणि वाचून झालं की ती प्रत आईच्या दुकानात धाडून द्यायची.

“पण माझंच पुस्तक का?” हर्मीनियाने विचारलं. रागवायचं ठरवलं होतं तिने, पण जमत नव्हतं.

“बाकीच्यांच्या नायकांना बाई करायला गेलं की गोष्ट मोडते. तुमच्या नायकाचे नुसते कपडे बदलावे लागतात. आत बाईच असते.”

“काहीतरीच!”

“बरं, मग सांगा… लिओनार्दोला कसं कळतं, की तिचा डावा बूट चावतोय? ती लंगडतसुद्धा नाही. कुठल्या पुरुषाच्या लक्षात येतं हो हे?”

हर्मीनियाचे कान तापले. ते कुठून आलं होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजातली एक मैत्रीण. आता ती तीन पोरांची आई होती आणि नाताळला कार्ड पाठवायची.

चोलेंगने खाली पाहिलं. “तुमचाही चावतोय. काढा.”

“काय?”

“बूट. हाँगकाँगला जायच्या आधी दहा वर्षं बूट शिवलेत मी. काढा म्हणते ना…”

झालं! त्या दिवसापासून हर्मीनियाच्या पायांना दुसरी वाटच माहीत नव्हती. रोज दुपारी ती काही ना काही निमित्त काढून यायची. आज टाच झिजली, उद्या पट्टा तुटला. चौथ्या दिवशी तर अगदी धडधाकट चप्पल घेऊन आली.

“हिला काय झालंय?” चोलेंगने चप्पल उलटसुलट करून पाहिली.

“कुरकुरते.”

“मला तर नाही ऐकू येत.”

“तू लक्ष देऊन ऐकत नाहीस.”

“इतकं लक्ष देतेय, मिन्यांग,” चोलेंग हळूच म्हणाली, “की आईने तीनदा हाक मारली तरी कळलं नाही.”

‘मिन्यांग’ हे हर्मीनियाचं घरातलं नाव. ते चोलेंगला कुणी सांगितलं, देव जाणे. हर्मीनियाने सरबताचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी ती पीत राहिली.

याच दिवसांत तिच्या डोक्याला एक घोर लागला होता. विद्यापीठातल्या उमाली मॅडम एक पुस्तक जमवत होत्या. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टींचं. लिहिणाऱ्या काही इथल्या, काही शिकागोला गेलेल्या नर्स, एक रोममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणारी. रोझाल्वा कोण हे मॅडमनी कसं हुडकलं कोण जाणे, पण त्यांनी तिलाही गोष्ट मागितली होती. शनिवारपर्यंत. रोझाल्वा हे नाव प्रकाशकाचं, ते वापरता येणार नव्हतं. तेव्हा खरं नाव टाकायचं की आणखी एक खोटं, तेवढं कळवा, असं त्या म्हणाल्या होत्या.

गोष्ट तयार होती, मॅडमनी वाचलीही होती, पण नाव खोटं होतं. सोमवारी दुपारी वीज गेलेली असताना हर्मीनियाने ते कागद चोलेंगच्या हातात ठेवले. चोलेंग दारातल्या उजेडात बसून वाचू लागली. कोळ्यांच्या वस्तीतल्या दोन मुली, त्यांचं चोरून भेटणं… सुरुवातीला ती हसली. शेवटचं पान तिने दोनदा वाचलं.

“बुडवलीस,” ती म्हणाली.

“साहित्यात असं… म्हणजे, मॅडमना फार आवडलं. खूप खोल आहे, म्हणाल्या.”

“असणारच. समुद्रच आहे.” चोलेंगने कागद मांडीवर ठेवले. “एक्केचाळीस पुस्तकं लिहिलीस. एक तरी नायक मारलास?”

“वाचकांना नाही चालत.”

“मग आम्ही कोण? आम्ही वाचक नाही?”

हर्मीनियाने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“आठवडाभर दुसऱ्याची पोरं, दुसऱ्याच्या फरश्या,” चोलेंगचा आवाज चढला. “रविवारी मी पुस्तक उघडलं की सगळ्या आधी विचारतात, शेवट गोड आहे ना? नसेल तर वाचूच नकोस. आणि तू जन्मात पहिल्यांदा आमच्यावर लिहिलंस, तर नेऊन समुद्रात ढकललंस! वर नावही खोटं.”

“खरं नाव टाकलं तर प्रकाशक मला उद्या काढेल. भाऊ चर्चमध्ये गातो माझा, त्याला तिथं तोंड दाखवायला—”

“नाव नको टाकूस. त्याची जबरदस्ती नाही.” चोलेंग उठली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही. “पण तिला बुडवू नकोस, मिन्यांग.”

दोन दिवस हर्मीनिया टाइपरायटरसमोर बसली. मुलीला पाण्याबाहेर काढणं सोपं होतं, एका वाक्यात निघाली. पण पुढे काय? एरवी तिचे हात आपोआप चालायचे. नायक गुडघे टेकतो, सासू विरघळते, घंटा वाजतात, समाप्त. इथे कोण गुडघे टेकणार? कुठल्या घंटा वाजणार? त्या दोघी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करतात तरी काय? असं घर तिने कधी पाहिलं नव्हतं, कधी वाचलंही नव्हतं. तिला रडू आलं. गोड शेवट लिहून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक शेवट येऊ नये!

गुरुवारी सकाळी ती दुकानात गेली, न विंचरलेल्या केसांनी. चोलेंग एका बुटाला खळ लावत बसली होती. मान वर केली नाही तिने.

“मला पुढचं येत नाही,” हर्मीनिया म्हणाली.

“कसलं पुढचं?”

“ती बुडाली नाही. परत किनाऱ्यावर आली. आता काय करते ती? खरंच माहीत नाही, चोलेंग. थट्टा नाही करत.”

चोलेंगने बूट खाली ठेवला.

“आधी अंग पुसते,” मग ती म्हणाली. “ओली आहे ना.”

“मग?”

“मग भूक लागते. दुसरी तिच्यासाठी लसूण घालून भात परतते… आणि करपवते.”

“का म्हणून करपवते?”

“लेखिका आहे ती. तिचं लक्ष कुठं असतं?”

“मी गोष्टीबद्दल बोलतेय.”

“मी पण.”

हर्मीनिया खोक्यावर टेकली. गुडघ्याला गुडघा लागला, दोघींनीही हलवला नाही. “आणि मग?”

“मग भांडतात. पंखा कुणाकडे वळवायचा यावरून. शेजारीण विचारते, या दोघी बहिणी का? एक हो म्हणते, दुसरी नाही म्हणते, त्यावरून आणखी एक भांडण.” चोलेंग हसली, आणि हसू अर्ध्यातच थांबलं. “मग एकीला परत कामावर जावं लागतं. दोन वर्षं.”

“आणि दुसरी?”

“दुसरीचं तू सांग. मला ती नीट कळत नाही.”

आलिंग पुरा गल्ल्यामागे साखरेच्या पुड्या बांधत होती. तिचे हात थांबले होते. हर्मीनियाला ते दिसलं, आणि तरीही ती बोलली.

“दुसरी थांबते. लपून नाही. लोकांना सांगून थांबते.”

“काय सांगून?”

“की… तिचं प्रेम आहे म्हणून.”

“कुणाचं? कुणावर? वाक्य नीट पूर्ण कर बाई, लेखिका ना तू!”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, चोलेंग! झालं समाधान?”

“झालं,” चोलेंग म्हणाली. तिने खळ लागलेल्या हातानेच हर्मीनियाचा हात धरला. “आधीच लिहिलं असतंस, तर इतका पट्टा, टाच, कुरकुर करावी लागली नसती.”

शुक्रवारी गोष्ट पूर्ण झाली. वर हर्मीनियाने टाइप केलं: हर्मीनिया कातिंदिग. एक प्रत तिने दुकानात ठेवली. आता आलिंग पुराचा असा शिरस्ता, की स्वतः वाचल्याशिवाय ती एकही पुस्तक कुणाच्या हाती द्यायची नाही. मुलगी असली म्हणून काय झालं? चोलेंगला ते कागद मिळाले शनिवारी सकाळी, कोपऱ्यावर सोयासॉसचा डाग पडलेले. आलिंग पुरा त्यावर चकार शब्द बोलली नाही.

उमाली मॅडमनी गोष्ट वाचून चष्मा काढला. “शेवट जरा गोड झालाय. समीक्षक नाकं मुरडतील.”

“मुरडू देत,” हर्मीनिया म्हणाली. “नाव बरोबर छापा तेवढं.”

तिथून ती थेट भावाकडे गेली आणि त्याला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं. मग गाण्याच्या तालमीला उशीर होतोय म्हणून निघून गेला. प्रकाशकाला तिने पत्र टाकलं, त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

रविवारी सकाळी चोलेंगला पोचवायला सगळं खटलं जीपनीत कोंबून विमानतळावर निघालं. चुलत बहिणी, दोन भाऊ, वहिन्या, शेजारी, आणि रस्त्यात भूक लागली तर म्हणून भाताचं पातेलं. हर्मीनिया मागच्या दाराशी अवघडून बसली होती. कुणी विचारलं की, चोलेंगची मैत्रीण, पुस्तकं लिहिते, असं उत्तर मिळत होतं. चोलेंग समोर बसली होती. रस्ताभर दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि कुणी पाहिलं की खिडकीबाहेर बघत होत्या.

आत फक्त प्रवाशाला सोडतात, म्हणून निरोप बाहेरच, फाटकाशी. त्याचा क्रम कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतो. आधी शेजारी, मग चुलत-मावस, मग सख्खी भावंडं. सगळ्यात शेवटची मिठी नवऱ्याची, नाहीतर बायकोची. कारण तीच आत घेऊन जायची असते. चोलेंगचं लग्न झालेलं नाही, म्हणून गेल्या खेपेला ती आईच्या वाट्याला आली होती.

हर्मीनिया मुकाट्याने शेजाऱ्यांच्या मागे उभी राहिली. तेवढ्यात कुणीतरी तिचं कोपर धरून मागे ओढलं.

“कुठं निघालीस?” आलिंग पुराने विचारलं.

“निरोप घ्यायला.”

“थांब इथं.”

शेजारी झाले, चुलत बहिणी रडून झाल्या, भावांनी पाठीवर थापा मारल्या. मग आलिंग पुरा पुढे गेली. तिने मुलीची कॉलर सरळ केली, जेवणात हयगय करू नकोस म्हणून दरडावलं, गालाला गाल लावून तिला घट्ट धरलं, आणि बाजूला झाली.

“नानाय, अजून वेळ आहे,” चोलेंगचा मोठा भाऊ आईला म्हणाला. “शेवटी तूच ना?”

“मी झाले,” आलिंग पुरा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग तिने हर्मीनियाच्या पाठीला हात लावला. “जा. आता तुझी पाळी.”

वहिन्यांनी एकमेकींकडे पाहिलं. भावाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. एवढ्या माणसांसमोरून हर्मीनिया ती पाच पावलं चालत गेली. तिने चोलेंगला मिठी मारली, आणि फाटकावरचा पहारेकरी दोनदा ओरडेपर्यंत सोडली नाही.